डावा हात वर, उजवा खाली

आईला हे माहीत नाही. फादरांनाही नाही – आणि त्यांच्यापासून ते लपवण्याची तर मला सवयच झाली आहे. नाताळच्या आधी आणि ईस्टरच्या आधी मी पापनिवेदनाला जाते, जाळीजवळ गुडघे टेकते आणि म्हणते, खोटं बोलले, आईला उलट उत्तर दिलं, प्रार्थना चुकवली, दुसऱ्याचा हेवा केला. भराभर म्हणते आणि उठते. हेवा केला – किती सोयीचा शब्द आहे ना? त्या शब्दामागे एक अख्खी मुलगी उभी आहे, हे जाळीपलीकडच्या माणसाला कसं कळावं? मी कळू देत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर ओळखीचा चेहरा असता तर आत्ताही विषय बदलला असता.

आमचं गाव घाटंजीच्या रस्त्यावरून आत वळलं की लागतं. सगळीकडे कपाशी आणि तूर, मध्ये मिशनची शाळा, मुलींचं बोर्डिंग आणि एक बुटकं कौलारू चर्च. वडील नगरकडून इथे मराठी शिकवायला आले आणि राहिले. मी इथेच जन्मले. कॅथलिक घरं अगदी मोजकी. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, बाकं भरायची ती बोर्डिंगच्या मुलींमुळे – कुणबी, बंजारा, बौद्ध, कोलाम, सगळ्या. त्यांना सक्ती नव्हती. पण गाणी असायची आणि मिस्सा संपल्यावर पोहे मिळायचे, म्हणून यायच्या.

आम्ही थोडे असल्यामुळे प्रत्येकाकडे मानाचं काहीतरी होतं. वडील वाचन करायचे. आई वेदीवरची फुलं बघायची. आणि माझ्याकडे होतं स्तोत्र. पहिलं वाचन झालं की एकजण पुढे जाऊन स्तोत्राची ओळ गातो आणि सगळे ती ओळ परत म्हणतात – ते प्रतिसाद स्तोत्र. पाचवीपासून ते माझं होतं. कोणी दिलं होतं म्हणून नाही, दुसरं कोणी नव्हतं म्हणून. पण हे मला तेव्हा कुठे कळत होतं? मी एक ओळ गायची आणि अख्खं चर्च माझ्यामागून गायचं. देव मला तिथे फारसा कधी जाणवला नाही. जाणवायचे ते माझ्याकडे वळलेले चेहरे, आणि मी त्यालाच श्रद्धा समजत होते.

मग नववीत रविना आली.

एका तांड्यावरची बंजारा मुलगी. वडील नव्हते, आई मजुरीला दूरदूर जायची, म्हणून तिला बोर्डिंगला ठेवलं होतं. मागच्या हौदावर कपडे धुताना ती गोर बोलीतलं कुठलंसं गाणं म्हणत होती आणि बोर्डिंग सांभाळणाऱ्या सिस्टरांनी ते स्वयंपाकघरातून ऐकलं. पुढच्या रविवारी ती गाणाऱ्या मुलींत माझ्या शेजारी उभी होती. तिचा आवाज गोड नव्हता – गोड माझा होता, सगळे म्हणायचे. तिचा जरा खरखरीत, पोटातून येणारा. पण ती गायला लागली की माणसं हातातलं काम थांबवायची. माझ्या वेळी कोणी काम थांबवल्याचं मला आठवत नाही.

आता बघा, मला तिचा राग येण्यासारखं तिनं काय केलं होतं? काहीच नाही. तीच तर अडचण होती. ती चिडवायची नाही, मिरवायची नाही. शाळेत जेवताना माझ्याच शेजारी बसायची, मला रीटे-रीटे करत राहायची आणि तिला पडलेला प्रत्येक प्रश्न मलाच विचारायची, जणू मी पोपची पुतणी आहे. कम्युनियनची ती पातळ पांढरी भाकर मी जिभेवर ठेवून परत आले की हळूच विचारायची, "गोड लागते का वं ते?" मी म्हणायचे, चव नसते त्याला. तिला पटायचंच नाही. "देवाघरचं हाय अन् चव नाही? तूच नीट खात नसशीन."

मला काय झोंबलं सांगू? तिचं खरं होतं. मी नीट खात नव्हते. मी परत येताना कोण कोण आलंय ते बघत यायचे. आणि जिला ती भाकर मिळतच नव्हती ती डोळे मिटून, मान खाली घालून अशी बसायची, की आमच्या सिस्टरसुद्धा एकदा तिच्याकडे बघत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. बाप्तिस्मा न झालेल्यांनी रांगेत यायचं असेल तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, म्हणजे फादर ओळखतात आणि भाकर न देता डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात – अशी आमच्याकडे रीत आहे. रविना तशी दर रविवारी जायची. परत आली की थोडा वेळ डोक्याला हात लावू द्यायची नाही, वेणीसुद्धा सारखी करायची नाही. ढोंग वाटलं असतं तर बरं झालं असतं. ढोंग नव्हतं.

आणि एकदा घरी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "त्या पोरीचं ऐकलं की मला माझी आई आठवते." मी समोर बसले होते. मी इतकी वर्षं गात होते. माझं ऐकून तिला कोण आठवलं होतं? मी मेथीची पानं आणि देठ एकाच परातीत टाकत गेले, आणि आईनं ते निमूटपणे पुन्हा वेगळे केले.

तिची आई – तिची याडी – कधीकधी रविवारी काळी-पिवळी जीपनं यायची. चर्चच्या आत कधी यायची नाही. बाहेर कडुनिंबाखाली चप्पल काढून बसायची, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा घेऊन, आणि खिडकीतून येणारा लेकीचा आवाज ऐकायची. सिस्टर आत बोलवायच्या तर हसून मान हलवायची. मी तिच्याशी कधी बोलले नाही.

मी फिरवून फिरवून सांगते आहे, हे माझ्याही लक्षात येतंय. येते आता मुद्द्यावर.

आम्ही दहावीत होतो आणि आमच्या चर्चचा सण होता. आजूबाजूच्या गावांतून कॅथलिक येणार, बाहेरगावचे एक फादर पाहुणे म्हणून येणार, मांडव, जेवण, सगळं. सणाचं स्तोत्र म्हणजे वर्षातलं सगळ्यात मानाचं. सिस्टरांनी ते रविनाला दिलं. मला बाजूला घेऊन विचारलं, तुला चालेल ना? मी म्हटलं, हो सिस्टर, छानच म्हणेल ती. आणि वर तिची तयारीही मीच करून घेतली. 'स्तुती' म्हणताना तिची जीभ कुठे अडते, श्वास कुठे घ्यायचा – सगळं शिकवलं. मी किती मोठ्या मनाची आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून शिकवलं. तिला ते खरंच वाटलं. म्हणाली, "तू माह्या बाजूले उभी राह्यजो बरं का. तू असली की मले भेव लागत नाही."

मी उभी राहिले. ती गायली. कशी गायली ते मी सांगणार नाही, सांगताना अजूनही त्रास होतो. एवढंच सांगते, की माझे वडील, जे व्याकरण सोडून कशावर हलत नाहीत, त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. ओळ परत म्हणायची तर लोक क्षणभर विसरलेच. तिचं काही वाईट व्हावं असं मला वाटलं नाही – की वाटलं? मला वाटलं, हिला कळायला पाहिजे. हे घर हिचं नाही, हे हिला आणि इथे बसलेल्या सगळ्यांना एकदा दिसायला पाहिजे.

कम्युनियनच्या वेळी आमच्या बाजूला ते पाहुणे फादर उभे राहिले. गाणाऱ्या मुली सगळ्यात शेवटी जातात. उठताना रविनानं माझी ओढणी ओढली. "ह्या फादरले आपलं माहीत नसीन ना वं? हात छातीवरच ठेवू ना?"

मी म्हटलं, "आज नाही. आज सण आहे ना, आज सगळ्यांना मिळतं. हात पुढे कर. डावा वर, उजवा खाली. आमेन म्हण."

झालं. हेच ते. मुद्दाम, विचार करून, शांत आवाजात मी हे बोलले. मला वाटलं होतं, फादर तिला काहीतरी विचारतील, ती गोंधळेल, ते मान हलवतील आणि ती सगळ्यांच्या देखत रिकाम्या हातानं परत येईल. स्तोत्र गाणारी मुलगी, आणि साधं एवढं माहीत नाही. लोक कुजबुजतील. एवढंच मला हवं होतं. 'एवढंच' म्हणते आहे मी, बघा.

पण गर्दी फार होती. आत्ताच जिनं स्तोत्र म्हटलं तिच्याबद्दल त्या फादरांना कसली शंका येणार? त्यांनी भाकर तिच्या डाव्या तळहातावर ठेवली आणि पुढच्याकडे वळले. ती तिथल्या तिथे तोंडात घालायची असते, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. ते माझ्या डोक्यातच आलं नाही, खरंच. ती मूठ मिटून परत आली, आमच्या बाकावर बसली, कमरेचा रुमाल काढला, भाकर त्यात ठेवली आणि हळूच गाठ मारली. माझ्याकडे बघून हसली. मला लगेच कळलं ती कोणासाठी आहे. तांड्यावर देवाला भोग लागला की आपल्या वाट्याचं तिथेच खाऊन मोकळं व्हायचं नसतं. घरी जे राहिलेले असतात त्यांच्यासाठी बांधून न्यायचं असतं. तिनंच मला सांगितलं होतं एकदा. आणि तिची याडी त्या दिवशी बाहेर बसलेली होती.

आमच्यात याहून मोठी गोष्ट नाही हो. ती आमच्यासाठी भाकर नसतेच, ख्रिस्ताचं शरीर असतं. ती चर्चबाहेर न्यायची नसते, जमिनीवर तिचा कण पडू द्यायचा नसतो. आणि ती माझ्या शेजारी एका फुलाफुलांच्या रुमालात होती. मी तिला कानात सांगू शकत होते – खा. सिस्टरांना खूण करू शकत होते, कोणाला कळलंही नसतं. मी काय केलं? मी शेवटचं गाणं म्हटलं, सगळी कडवी, टाळ्यांसकट. ती बाहेर गेली. मी तिला जाऊ दिलं. मग पायऱ्यांवर आले, जिथे आईसुद्धा बायकांबरोबर उभी होती, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सिस्टरांना म्हणाले, "सिस्टर, रविनानं कम्युनियन रुमालात बांधून नेलंय."

आमचे म्हातारे फादर झगा सावरत धावत आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही सगळे मागोमाग. कडुनिंबाखाली रुमाल सोडलेला होता. याडीनं ती भाकर कपाळाला लावली होती आणि मोडली होती – अर्धी स्वतःच्या हातात, अर्धी लेकीच्या तळहातावर ठेवत होती. फादर गुडघ्यांवर बसले. दोन्ही तुकडे त्यांनी मागून घेतले, रुमालातले कण बोटानं टिपले, सगळं स्वतः खाल्लं आणि आत गेले. याडीला कळेना काय झालं. तिनं आधी उठून उभं राहायचा प्रयत्न केला, मग सिस्टरांच्या पायाला हात लावला. मागून कोणीतरी म्हणालं, बाहेरच्या पोरींना पुढे घेतलं की असंच होणार.

सिस्टरांनी रविनाला विचारलं, "हात पुढे कर म्हणून कोणी सांगितलं तुला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी मांडवाच्या झालरीकडे बघत होते. ती म्हणाली, "कोनी नाही, सिस्टर. मीच केला."

मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. तू तर बाजूलाच होतीस, तुझं लक्ष नव्हतं? मी म्हटलं, नाही सिस्टर, मी डोळे मिटून प्रार्थना करत होते.

इथपर्यंत कदाचित तुम्हाला वाटलं असेल, की सगळं सांगून झालं. नाही झालं. त्या झाडाखाली त्या दोघी मायलेकी घाबरून उभ्या होत्या, लोक बोलत होते, आणि मला काय वाटत होतं माहीत आहे? समाधान नाही. पस्तावाही नाही. मला तिचा हेवा वाटत होता. तेव्हाही. पहिल्या कम्युनियनपासून ती भाकर मी दर रविवारी गिळत आले होते, आणि कधी, एकदा तरी, मला कोणासाठी ती जपून ठेवावीशी वाटली होती का? माझ्यासाठी कोणी ती मोडली होती का? तिला एकदाच मिळाली, तीही माझ्या खोटेपणामुळे – आणि तिला तिचं काय करायचं ते बरोबर कळलं.

पुढचं थोडक्यात. रविनाला कोणी काढलं नाही. सिस्टर एवढंच म्हणाल्या, की काही दिवस तू मागे बस. ती मागे बसायला लागली, मग यायचीच थांबली, आणि दहावीची परीक्षा संपल्यावर बोर्डिंग सोडून गेली. तिची याडी त्यानंतर एकदाही आली नाही. स्तोत्र परत माझ्याकडे आलं. मी ते छान म्हटलं. आई म्हणाली, छान झालं. जाईपर्यंत शाळेत ती माझ्याशी आधीसारखीच बोलत राहिली आणि तो विषय तिनं कधीच काढला नाही. तिनं माझं नाव का घेतलं नाही? मी विचारलं नाही. उत्तर मिळेल याची भीती वाटायची.

मी आता यवतमाळला एम.ए. करते. इथल्या चर्चमध्येही गाते. गेल्या महिन्यात बसस्टँडवर कोणीतरी पाठीवर थाप मारली. रविना. पुसदला नर्सिंग करते, गाडी बदलायला उतरली होती. जाड झाली आहे, चष्मा लागला आहे, हसणं तेच. माझी चौकशी केली, आईची केली, सिस्टरांची केली. अजून गाते का विचारलं. मी हो म्हटलं. तिला उलट विचारलं नाही.

मग म्हणाली, याडीचा उजवा हात गेल्या वर्षापासून उचलत नाही. "डॉक्टर म्हनते नस दबली. मलेई समजते ते, मी तेच शिकून राह्यली ना. पन याडी म्हनते, ज्या हातानं ते मोडलं तोच हात गेला." आणि माझं मनगट धरून तिनं विचारलं, "तू त्यातली आहेस, रीटे, तुले माहीत असते. खरं सांगजो. आमच्याकडून लय मोठं पाप झालतं का वं?"

तुम्हीच सांगा, किती सोपं होतं. एक वाक्य. तुला मी सांगितलं होतं, तुझ्या याडीचं काही चुकलं नाही. तिला ते माहीतच होतं की अर्धं. तिला फक्त माझ्या तोंडून हवं होतं. बस लागलेली नव्हती, वेळ होता, आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं.

मी तिच्या हातावर हात ठेवला. चर्चमध्ये वापरते तोच, गोड आवाज काढला आणि म्हटलं, "जाऊ दे गं. देव असं धरून बसत नाही. त्यानं केव्हाच माफ केलं असेल तुम्हाला."

तिचे डोळे भरले. "बरं झालं तू सांगितलं," म्हणाली. "आजच याडीले फोन करतो." पुसदची गाडी लागली. चढताना ती मागे वळून हसली – रुमालाला गाठ मारताना हसली होती, तशी.

फोन तिनं केलाच असेल. म्हणजे तिकडे तांड्यावर एक हात मांडीवर ठेवून बसलेल्या त्या बाईलाही मी एव्हाना माफ केलेलं आहे.